ब्याऐंशी सह्या

"करू या म्हंजे कोन करीन?"

वर्गात कुणी "करू या", "बघू या", "होऊन जाईल" असं काही म्हटलं की ती डाव्या हाताचा पंजा बाकावर उघडा ठेवायची आणि हा प्रश्न विचारायची. उत्तर मिळेपर्यंत पंजा हलायचा नाही. उत्तर मिळालं की लगेच दुसरा प्रश्न यायचा, "अन् कवा करीन?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती खोलीत आली की बाकीच्यांना आपापली राहिलेली कामं आठवतात.

आधीच सांगून टाकतो, मला ती आवडत नव्हती. दूर गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची आपल्याकडे रीत आहे, पण मला ते जमणार नाही. आमच्यात दोन वर्षं वैर होतं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त मी केलेलं होतं.

बुलढाण्यातल्या एका कॉलेजात आम्ही एमबीए करत होतो. वर्गात बत्तीस जण. बहुतेक सगळे तेवीस-चोवीस वर्षांचे, पदवी घेऊन कुठं काही लागेना म्हणून आणखी दोन वर्षं ढकलायला आलेले. ती एकतीस वर्षांची होती. लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरची. सात वर्षं कंत्राटावर कॉम्प्युटर चालवायचं काम करून आली होती. बुलढाण्यात मावसबहिणीबरोबर एका खोलीत राहायची. वर्गातली पोरं तिला ताई म्हणायची. मी मुद्दाम "मॅडम" म्हणायचो, आणि तो शब्द किती लांबवला की टोचतो याचा मला चांगला अंदाज होता.

मी मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढ्याचा. वडिलांचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान. पदवी मात्र पुण्यात घेतलेली. पुण्यात पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये मी पोळी मागताना "मले एक पोई दे" म्हणालो आणि पुढं वर्षभर हॉस्टेलात माझं नाव 'पोई' पडलं. तेव्हापासून मी जीभ घासून घासून स्वच्छ केली. परत आलो तेव्हा "मला" म्हणत होतो, "का" म्हणत होतो. "काऊन" झोपेतसुद्धा तोंडातून निघत नव्हतं.

आणि ही बाई पहिल्या दिवशी ओळख करून द्यायला उभी राहिली आणि म्हणाली, "मले कामं पुरे कराले शिकाचं हाय. सुरू कराले त सगळ्याइले येते."

वर्ग हसला. मी जरा जास्तच मोठ्यानं हसलो. तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

"मी काय म्हनलं ते तुले समजलं नाही का?"

"समजलं."

"मंग झालं. बोलनं त्याच्यासाठीच राह्यते."

आमचं वैर त्या दिवशी सुरू झालं.

प्रोजेक्ट मॅनेजमेंट हा तिसऱ्या सेमिस्टरचा विषय. शिकवणारे सर पूर्वी धरणांच्या आणि रस्त्यांच्या साइटवर राहिलेले, उन्हानं रापलेले, कमी बोलणारे. फळ्यावर गोल आणि बाण काढायचे. कुठलं काम कशाच्या आधी, कुठलं रखडलं तरी चालतं आणि कुठलं रखडलं की सगळंच रखडतं, हे त्या बाणांवरून शोधायचं. जिथं एक दिवसही इकडचा तिकडं करता येत नाही, ती वाट म्हणजे क्रिटिकल पाथ. "बाकी पुस्तक विसरलात तरी चालेल," सर म्हणायचे, "ही वाट शोधता आली पाहिजे."

एकदा त्यांनी सरावाला लग्न दिलं. लग्नाची सगळी कामं लिहा, क्रम लावा. मी रात्रभर... नाही, खोटं कशाला बोलू, संध्याकाळी दोन तास बसून लॅपटॉपवर रंगीत तक्ता केला. सत्तेचाळीस कामं. हॉल, पत्रिका, आचारी, मंडप, घोडा, पाहुण्यांच्या गाड्या, पाठवणीचं सामान. पडद्यावर तो तक्ता उघडला तेव्हा वर्गातून "ओहो" असा आवाज आला. सरही मान हलवत होते.

तिचा पंजा बाकावर पडला.

"याच्यात पोरीले कवा विचारलं?"

सर उठले. मग खडू घेऊन फळ्याकडं गेले आणि माझ्या पहिल्या गोलाच्या आधी आणखी एक गोल काढला. "हे राहिलं," ते म्हणाले, "तर पुढच्या सत्तेचाळिसांचा उपयोग नाही."

वर्ग खिदळत होता. मी लॅपटॉप मिटला.

मग मी कँटीनमध्ये तिच्या नकला करायला लागलो. तो पंजा, ती मान, ते "कवा करीन". पोरं टेबलावर हात आपटून हसायची. एके दिवशी नक्कल रंगात आली असताना समोरची पोरं एकाएकी गप्प झाली. ती मागं उभी होती, हातात चहाचा कप घेऊन. तिनं सगळं शेवटपर्यंत पाहिलेलं असावं.

"पंजा डावा," ती म्हणाली आणि चहा पीत निघून गेली.

मी उजवा ठेवला होता.

सेमिस्टरच्या मोठ्या प्रोजेक्टसाठी सरांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्या नशिबी ती आली. तिसरा चिखलीचा इरफान. त्याचे वडील शिंपी. स्वभावानं इतका मवाळ की भांडणात दोघांनाही "सही बात है" म्हणायचा. सरांची अट अशी होती की काम खरं पाहिजे, माणसं खरी पाहिजेत, आणि शेवटी ते काम कुणाच्या तरी हाती चालतं करून सोपवलं पाहिजे. नुसत्या रिपोर्टवर पास करणार नाही.

मी म्हणालो, कॉलेजचं गॅदरिंग घेऊ. जवळच आहे, सोपं आहे.

ती म्हणाली, "गॅदरिंग तसंही होते. जे आपल्याबिगर होत नाही ते घेऊ."

तिच्या वस्तीत समाजमंदिराच्या मागं एक खोली होती. वस्तीच्या पंगतीची भांडी आणि सतरंज्या तिथं पडून असायच्या. वस्तीतल्या मुली नर्सिंगच्या, पोलीस भरतीच्या, तलाठ्याच्या परीक्षांचा अभ्यास करत होत्या आणि घरं एकेका खोलीची. समाजमंदिरामागच्या खोलीत मुलींसाठी अभ्यासिका करायची, अशी तिची कल्पना. इरफान लगेच "सही बात है" म्हणाला. दोन विरुद्ध एक.

सुलतानपूर बुलढाण्याहून जवळ नाही. एस.टी.नं मेहकर, तिथून दुसरी गाडी. मी पहिल्या फेरीलाच कंबर धरून उतरलो. पंच मंडळी समाजमंदिराच्या ओट्यावर बसली होती. त्यांच्यातले एक आजोबा तिला लहानपणापासून ओळखणारे. तिनं वहीतून सगळं वाचून दाखवलं. कोण काय करणार, कधी करणार. आजोबांनी दाढी खाजवली.

"पाय बाई," ते म्हणाले, "शब्द तुह्या भरोशावर देतो. एक महिना खोली तुही. पोरी आल्या त खोली पोरीइची. नाही आल्या त भांडे परत येतीन, अन् मंग आमाले इचारू नोको."

"नाही इचारत," ती म्हणाली.

कामं वाटली गेली. इरफाननं टेबलं, दिवे, पंखा बघायचा. तिनं पुस्तकं आणि परवानग्या. मी घरोघर जाऊन एकशे दहा फॉर्म भरून आणायचे: घरात शिकणारी मुलगी आहे का, कोणत्या वेळी मोकळी असते, घरचे पाठवतील का, आणि खाली माहिती देणाऱ्याची सही.

"तुह्यं बोलनं शुद्ध हाय," ती मला म्हणाली. "जाय, बोल."

रोज सकाळी सहाला आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिचं एक प्रश्नचिन्ह पडायचं. फक्त प्रश्नचिन्ह. ते कुणासाठी आहे हे कधी विचारावं लागलं नाही.

पहिल्या दिवशी मी अठ्ठावीस घरं केली. ऊन रणरणत होतं. प्रत्येक दारात आधी माझीच चौकशी. कोनाचा तू, कुठला तू, लग्न झालं का. एका म्हातारीनं पाणी दिलं आणि गोळ्यांची चार पाकिटं पुढ्यात टाकली. कोणती जुनी झाली, कोणती चालते ते वाचून दे म्हणाली. त्यात अर्धा तास गेला. एका घरात बाप्या माणूसच बोलत राहिला आणि मुलगी चुलीजवळून नुसती पाहत राहिली. मी त्याच्या उत्तरांवर खुणा केल्या आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी मी मेहकरच्या पुढं गेलोच नाही. स्टँडजवळच्या हॉटेलात पंख्याखालचं टेबल धरलं, भजी मागवली, मोबाइलवर गावाची मतदार यादी उघडली आणि राहिलेले ब्याऐंशी फॉर्म भरून टाकले. दोन रंगांचे पेन. काही सह्या डाव्या हातानं, काही तिरप्या, काही मोडी वळणाच्या, म्हाताऱ्यासारख्या थरथरत्या. वेळेच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी सकाळी सहा ते नऊ, कारण पुण्यात अभ्यासिका त्याच वेळी भरलेल्या असायच्या. संशय येऊ नये म्हणून मधूनच एखादा "घरचे पाठवणार नाहीत" असाही टाकला. खरं सांगतो, त्या दोन वर्षांत इतकं मन लावून मी दुसरं काहीच केलं नव्हतं.

फॉर्म दिले तेव्हा तारखेला अजून दोन दिवस बाकी होते.

"येवढे लवकर?"

"तुम्हालाच तारीख पाहिजे होती ना, मॅडम?"

तिनं गठ्ठा हातात तोलला. मग चेहऱ्यावर कधी न दिसलेलं काहीतरी आलं, आणि ती इरफानला म्हणाली, "पाय, मी उगीच बोलत होती. कामाचा हाय हा."

मला त्या रात्री छान झोप लागली.

अभ्यासिका सुरू झाली. बुद्धवंदना झाली, आजोबांनी दोन शब्द सांगितले, पेढे वाटले. वेळ लिहिली होती सकाळी सहा ते नऊ. दुसऱ्या दिवशी सहाला कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी एक मुलगी आली, दहा मिनिटं उभी राहिली आणि "नळ आला" म्हणून पळाली. ही मात्र त्या दिवसांत कॉलेज बुडवून गावीच राहिली होती. रोज पहाटे खोली झाडायची आणि नऊपर्यंत एकटी बसायची. दहा दिवस. हे मला पुढं इरफाननं सांगितलं. तेव्हा आमच्या ग्रुपवर तिचं प्रश्नचिन्ह येईनासं झालं होतं आणि मी सुखात होतो.

अकराव्या दिवशी आजोबा खोलीच्या दारात आले म्हणे. "बाई, रिकामी खोली पाहाले बरी दिसते. पन लग्नं आले आता. भांडे कुठं ठेवाचे?"

तेव्हा तिनं माझा गठ्ठा काढला आणि घरोघर निघाली.

त्यानंतरच्या सोमवारी आमचं वर्गात सादरीकरण होतं. ती गावाहून थेट आली. पायांवर धूळ. मी पडद्यावर माझे गोलाकार आलेख उघडले होते. ती पुढं गेली आणि सरांच्या टेबलावर एक फॉर्म ठेवला.

"सर, ह्या बाईले मरून दोन वर्सं झाले. इनं सांगतलं का सकाळी सहाची येळ सोयीची हाय."

वर्गात हशा पिकला. ती हसली नाही. दुसरा फॉर्म ठेवला. "हे घर कुलूपबंद हाय. तिसरं वर्स लागलं." तिसरा. "ह्या मानसाले पोरगीच नाही." मग तिनं अख्खा गठ्ठा ठेवला. हशा हळूहळू विरला. मतदार यादीतून मेलेली माणसं लवकर जात नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

सरांनी माझ्याकडं पाहिलं. त्या क्षणी कबूल केलं असतं तर बरीचशी गोष्ट तिथंच मिटली असती. पण एकतीस तोंडं माझ्याकडं वळली होती आणि मला काहीतरी फेकून मारायचं होतं.

"तसंही," मी म्हणालो, "तुमच्या त्या वस्तीत कोण अभ्यास करणार होतं?"

'त्या' या शब्दावर मी किती जोर दिला हे वर्गातल्या प्रत्येकाला ऐकू आलं. त्याचा अर्थ काय, हे समजावून सांगायची गरज आपल्याकडं कुणालाच पडत नाही. मलाही पडली नव्हती.

"चूप बैठ," इरफान म्हणाला. भांडणात त्यानं बाजू घेतलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

तिचे दोन्ही हात ओढणीत गुंडाळलेले होते.

"सर, फॉर्मासंग हे बी लिहून घ्या," ती म्हणाली. "तारीख टाकून."

सरांनी खरंच लिहून घेतलं. मग तिला विचारलं, "ग्रुपची प्रमुख कोण?"

"मी."

"फॉर्म तपासले होते?"

"नाही."

"का?"

"यानं तारखेच्या आत आनून देल्ले, सर. मले आनंद झाला. आनंदात नाही तपासले. ते माह्यं चुकलं."

तिघांनाही शून्य मिळालं. त्याच आठवड्यात बाहेरची एक कंपनी मुलाखतींना आली होती. प्रोजेक्ट राहिलेल्यांची नावं यादीतून काढली गेली. माझं गेलं, इरफानचं गेलं, तिचंही गेलं. तिचं गेलं हे मी त्या वेळी मोजलंच नाही. मी सगळ्यांना सांगत सुटलो की या बाईनं आपल्याच ग्रुपला विकलं. घरातली गोष्ट घरात ठेवता आली नाही तिला. तिला वगळून वर्गाचा नवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. ती बोलायला उभी राहिली की मी आणि आणखी दोघं-तिघं उठून बाहेर जायचो. हे सगळं मी केलं आणि ते करताना मला बरं वाटत होतं, हेही सांगायला हवं.

सरांनी आम्हाला नवं प्रोजेक्ट दिलं नाही. "तेच पूर्ण करा," एवढंच म्हणाले. तिनं आजोबांकडून आणखी एक महिना मागून घेतला होता. कसा मागितला, काय कबूल केलं, ते तिनं आम्हाला कधी सांगितलं नाही.

मग माझं आणि तिचं सुलतानपूरला जाणं सुरू झालं. गाडीत ती पुढं बसायची, मी मागं. गावात ती चार पावलं पुढं चालायची. "हे घर." "लिही." "पुढचं घर." दिवसभरात तेवढंच बोलणं. घरी मी विचारायचं आणि तिनं दाराच्या कडेला उभं राहून ऐकायचं.

पहिल्या दिवशी तिनं मला सगळ्यात आधी नेलं ते त्या वारलेल्या बाईच्या घरी.

एकोणीस-वीस वर्षांची मुलगी होती. दोन लहान भाऊ, बाप मजुरीला गेलेला. ती कणीक मळत होती. मी फॉर्म काढून नाव विचारणार, तेवढ्यात तिनं हात पुसले आणि उठून जवळ आली.

"दादा, ताईनं सांगतलं का तुमच्यापाशी माह्या मायचा एक कागद हाय म्हून."

मी दाराकडं वळून पाहिलं. तिची ताई तिथं उभी राहून रस्त्याकडं बघत होती.

"हो," मी म्हणालो. "म्हणजे, होता."

"त्याच्यावर तिची सही हाय म्हने. तो कागद मले देता का? तिच्या हातचं आमच्याकडं काहीच नाही."

पोरगी खोटं बोलत नव्हती, मला पकडतही नव्हती. तिला खरोखर तो कागद हवा होता. सरांनी परत केलेल्या गठ्ठ्यात तो माझ्या बॅगेत होता, जांभळ्या पेनानं केलेल्या वळणदार सहीचा. मी तो काढला. देऊन टाकावा असं वाटलं. दिला असता तर तिनं जपून ठेवला असता, आणि मीही सुटलो असतो.

"ही सही तुझ्या आईची नाही," मी म्हणालो. "मी केली. हॉटेलात बसून."

तिनं कागद हातात घेतला. सहीवर बोट ठेवलं.

"तरी मले वाटलंच," ती हळूच म्हणाली. "माय त अंगठा लावे."

तिनं कागद परत दिला. मग पुन्हा कणकेपाशी जाऊन बसली आणि माझ्याकडं पाठ करूनच म्हणाली, "इचारा काय इचारता ते. दुपारी मोकळी राह्यतो मी. सकाळी नळ, सैपाक, डबे. दोनच्या नंतर."

मी लिहून घेतलं. बाहेर आल्यावर वाटलं, आता ही काहीतरी बोलेल, मला झोडपेल. तसं झालं असतं तर मला ते हवंच होतं.

"पुढचं घर," ती म्हणाली.

एकशे दहा घरं अकरा दिवसांत झाली. जवळजवळ सगळ्या मुलींनी एकच सांगितलं, दुपारी दोन ते पाच. त्यांना कुणी विचारलं असतं तर ते एका सकाळीत कळण्यासारखं होतं. वेळ बदलली. पहिल्या दिवशी चौघी आल्या, आठवड्यानं अकरा, आणि महिना संपायच्या आत बसायला सतरंज्या कमी पडल्या. आजोबांनी भांडी दुसरीकडं हलवली. त्या दिवशी ती हसली, पण आजोबांकडं बघून.

परतताना मेहकरच्या स्टँडवर मी धीर केला. "त्या दिवशी वर्गात मी जे बोललो, ते..."

"थांब," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच जड होतं. "फॉर्म परत भरता येते, ते तू भरले. ते दुसरं परत भरता येत नाही. त्याच्यावर मेहनत नोको करू."

"मग मी काय करू?"

"ते मले नोको इचारू. ते बी मीच सांगू का?"

बुलढाण्याची गाडी लागली. ती नेहमीसारखी पुढं बसली.

आम्ही तिघंही पास झालो. ती वर्गात पहिली येईल असं सगळ्यांना वाटायचं, पण प्रोजेक्टचं एक सेमिस्टर पुढं ढकललं गेल्यामुळं तिचा नंबर खाली गेला. मुलाखतींत तिला वय विचारायचे. इरफानला संभाजीनगरला काम मिळालं. मी वडिलांच्या ओळखीनं रस्त्याच्या कंत्राटदाराकडं लागलो, नियोजनाच्या टेबलावर. माझ्या हाताखालची पोरं सर्व्हे करून आणतात. त्यातली पाच-सहा घरं मी स्वतः जाऊन तपासतो. पोरं मला मागून काय म्हणतात ते मला माहीत आहे. नकलाही करत असतील.

तिला शेवटचं पाहिलं ते गुणपत्रिका घ्यायच्या दिवशी. रांगेत माझ्या पुढं सहा-सात माणसं सोडून उभी होती. कागद घेतला, तिथंच उभं राहून वरपासून खालपर्यंत वाचला, प्रत्येक आकडा, स्पेलिंगसकट. बाबूला एक चूक दाखवून दुरुस्त करून घेतली. मग निघून गेली. पुढं तिचा नंबर बदलला आणि मला कुणी दिला नाही. इरफाननंही नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या रस्त्याच्या मोजणीसाठी मेहकरकडं मुक्काम होता. एका दुपारी गाडी काढली आणि सुलतानपूरला गेलो. समाजमंदिरामागची खोली उघडी होती. आत दहा-बारा मुली बसल्या होत्या, मला ओळखणारं त्यांच्यात कुणी नव्हतं. मी दारातूनच परत फिरलो आणि तिचं घर विचारलं. इतक्या फेऱ्या केल्या, पण तिनं मला तिच्या घरी कधी नेलं नव्हतं.

तिची आई दारात तुरी निवडत बसली होती. मी सांगितलं, ताईबरोबर बुलढाण्याला शिकायला होतो. म्हातारीनं सूप बाजूला ठेवलं. चेहरा उजळला.

"ये ना बाप्पा, बस. ती त नंदुरबारकडं हाय. डोंगरातल्या गावाइले पानी आनाचं काम हाय तिच्याकडं. फोन लागत नाही तिकडं. आठ दिसातून तीच करते." मग माझ्याकडं निरखून पाहत म्हणाली, "तू इरफान ना?"

"नाही."

"मंग?"

मी नाव सांगितलं. आडनाव सांगितलं. गावही सांगितलं. आणि पाय आखडून बसून राहिलो, कारण आता ती उठेल, काय वाटेल ते बोलेल, शेजारच्यांना हाक मारेल, असं मी तीन वर्षं मनाशी घोकत आलो होतो.

म्हातारीनं नाव पुटपुटून पाहिलं. मग अपराधी चेहऱ्यानं मान हलवली.

"हे नाव काही तिच्या तोंडून आयकलं नाही, बाप्पा. वाईट नोको मानू. थे अभ्यासाची खोली केली ना, तवा ती सांगे का आमी दोघंच होतो म्हून. मी अन् इरफान." ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. "उन्हातून आला, पानी आनतो तुह्यासाठी."

आतून तांब्याचा आवाज आला. मग तिचा.

"घरोघर फिरनं, इचारनं, लिहनं. दोघायनं येवढं कसं केलं असन, नाही?"

"हो," मी म्हणालो. "दोघांनीच केलं."